वाचला असे समजून

पाटोद्याला माझा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायाने चालणारं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांनी, म्हणजे खिळ्यांनी, भरलेले लाकडी खण, ते खिळे जुळवणारा एक जुळारी आणि मी. जुळारी बायकोला आणायला सासरवाडीला गेला की मीच जुळारी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जयंतीची हँडबिलं असलं काम. निवडणूक आली की दोन्ही पार्ट्यांची पत्रकं माझ्याकडेच यायची. दोघंही एकमेकांना चोर म्हणायचे, त्यामुळे एकदा जुळवलेला मजकूर नावं बदलून दोन्हीकडे चालायचा.

ह्या सगळ्यात वर्षातून एकदा, पोळ्याच्या आगेमागे, भानुदास जोगदंड यायचे. बोरगव्हाणच्या सहकारी दूध संस्थेचे ते सेक्रेटरी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. धोतर, काळी टोपी, वर कोट. कोटाच्या खिशात दोन पेन. एक आकड्यांचा, दुसरा अक्षरांचा. आकड्यांच्या पेनने ते कधी वाक्य लिहीत नसत. का, म्हणून मी एकदा विचारलं.

"त्या निबेला खोटं बोलायची सवय लागलेली असती," आप्पा म्हणाले. "संचालक मंडळाचा शब्द पडतो ना मधीच. मंग तिच्यानं सरळ वाक्य निघत न्हाई."

आप्पांची चौथी निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेली. पुढची सातवीपर्यंत मराठीत. त्यामुळे कच्च्या मसुद्याला ते 'मजमून' म्हणायचे. दारात उभे राहून, वहाणा काढता काढता, हलक्या आवाजात सांगायचे, "मालक, मजमून आणलाय." जणू पिशवीत हरणाचं पाडस आहे आणि मोठ्यानं बोललं तर ते पळेल.

मजमून म्हणजे संस्थेचा वार्षिक अहवाल.

आता दूध संस्थेचा वार्षिक अहवाल ही काय चीज असते ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांनाच कळेल. इतके सभासद, इतकं संकलन, इतकी जनावरं, शेवटी सर्वांचे आभार. बाकीच्या संस्थांचे सेक्रेटरी गेल्या वर्षीच्याच अहवालावर आकडे खोडून आणून द्यायचे. एका संस्थेने वारलेल्या संचालकाचे ओळीने चार वर्षं मोलाच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. आप्पांचा अहवाल मात्र दरसाल कोराकरकरीत असायचा. दोन आकड्यांच्या मधे जिथे जागा मिळेल तिथे ते लिहायचे. 'पाऊसमान' हे कलम तर त्यांचा जीव की प्राण. दिवाळीनंतर निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं आणि गाईगुरं म्हाताऱ्यांच्या हवाली व्हायची, तर त्या दिवसांत गाई कशा दाराकडे बघत उभ्या राहतात ह्यावर एका वर्षी अख्खं पान होतं. त्याच्यावरचं शीर्षक होतं 'हंगामी घट'.

सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, "आप्पा, हे वाचणार कोण?"

"कुणी न्हाई," आप्पा म्हणाले. पण असे म्हणाले, की दुसरा एखादा 'पोरीचं जमलं' म्हणून सांगेल.

"मग कशाला एवढी मेहनत?"

"मालक, अहवाल लिवला पायजे असं कायदा म्हणतो. तो वाचला पायजे असं कायदा म्हणत न्हाई. असलं भाग्य कंच्या लेखकाला हाय, सांगा बरं?"

आणि ते खरंच होतं. सर्वसाधारण सभेत चेअरमन उठून म्हणायचे, "अहवाल आपल्या हातात आहे, तो वाचला असे समजण्यात यावे." लोक म्हणायचे, "मंजूर, मंजूर!" आणि चहा-चिवड्याकडे वळायचे. अहवालाचं पुढे काय व्हायचं? कुणी ट्रंकेत कपड्याखाली अंथरायचं, कुणी दुकानात जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधायला द्यायचं. कुणाच्या घरी चूल पेटायची.

एकदा कागद आणायला मी आणि आप्पा बीडला निघालो होतो. वाटेत एस.टी. थांबली, उतरून भज्यांच्या गाड्यावर गेलो. भजी आली ती आप्पांच्याच अहवालाच्या पानावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी मात्र भजी बाजूला सारून मजकूर वाचायला सुरुवात केली. तेलाने कागद पारदर्शक झालेला. मागच्या पानावरचे आकडे पुढच्या वाक्यांमधून डोकावत होते. मधेच ते थांबले, अक्षरांचा पेन काढला आणि तेलकट कागदावर जोर देऊन एक स्वल्पविराम घातला. मग गाडेवाल्याला म्हणाले, "अजून एक प्लेट द्या. पर ह्याच्या म्होरल्या पानावर द्या."

गाडेवाला म्हणाला, "कावून? त्या पानावर भजी गोड लागत्यात का?"

"तसं न्हाई. ह्या पानावर गाय व्याली न्हाई अजून."

गाडेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तो मोठा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, गावोगावची जनावरं सरकारी छावणीत गेली. बोरगव्हाणच्या संस्थेत दुधाचे कॅन पालथे घालून ठेवले. दूधच नाही, तर यंदाचा अहवाल अर्ध्या पानात आटपेल, असं मला वाटलं. आप्पा आले ते पिशवी फुगवून. तेवढा लांब मजमून त्यांनी आजवर आणला नव्हता.

जुळारी सासरवाडीला गेलेला, म्हणून मीच जुळवायला बसलो. आम्ही खिळे जुळवणारे लोक वाचत नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. अक्षर उलटं असतं, ओळ उलटी असते. आम्ही नुसते दाणे टिपतो. दुसऱ्या पानापर्यंत आलो आणि खणात हात घातला तर 'ळ' नाही. एकही नाही. मी मजकूर पाहिला. दुष्काळ, आभाळ, वावटळ, पाचोळा, कोरडी नळी, डोळे, जळालेला कडबा. एका पानात आप्पा माझा वर्षाचा ळ खाऊन बसले होते.

"आप्पा," मी म्हणालो, "ळ संपला."

"म्हणजी?"

"म्हणजे दुष्काळ पडला. खणात ळ नाही. तुम्ही जरा कमी ळ वापरा. दुष्काळाच्या जागी अवर्षण घाला, आभाळाच्या जागी आकाश घाला. सुटसुटीत."

आप्पा कागदांच्या रिमावर बसून विचार करू लागले. दुपारभर बसले. बऱ्याच ठिकाणी त्यांनी खाडाखोड केली. पाचोळा गेला, त्याजागी 'वाळकी पानं' आली, तर त्यातही ळ निघाला. मग 'सुकी पानं' आली. डोळे गेले, नजर आली. पण दुष्काळापाशी आणि आभाळापाशी गाडी अडली.

"अवर्षण तहसीलदाराचं असतं, मालक. ते कागदावर पडतं. आमच्याकडं दुष्काळ पडलाय."

"आणि आकाश?"

"आकाश शाळंत असतं."

मी म्हणालो, "पण आप्पा, कुणी वाचणारच नाही, तर अवर्षण काय आन् दुष्काळ काय?"

"मी वाचतोय की," आप्पा म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत. मी तिथे आहे हे विसरला होतात का, असं विचारावं तसं म्हणाले.

शेवटी मी बीडला जाऊन ळ घेऊन आलो. त्यात दिवस गेले, छपाईला उशीर झाला, आणि सभेच्या दिवशी अहवालांचा गठ्ठा एस.टी.च्या टपावर टाकून मलाच बोरगव्हाणला जावं लागलं. म्हणून पुढचं सगळं मला माझ्या डोळ्यांनी पाहायला मिळालं.

सभा मारुतीच्या पारावर होती. चेअरमन रावसाहेब बप्पा. मोठा माणूस, मोठं पोट, गावातली एकुलती एक माडी त्यांची. बप्पांनी आयुष्यात वाचून अशी एकही सही केली नव्हती. विरोधी पार्टीचे सर्जेराव समोर बसलेले, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या. तो नुकताच बी.ए. होऊन गावी परत आलेला आणि बेकार असल्यामुळे छापलेलं दिसेल ते वाचणारा. मी गठ्ठा सोडल्याबरोबर त्याने एक प्रत घेतली. बप्पांचं स्वागत, हारतुरे होईपर्यंत त्याचं निम्मं वाचून झालं. मग तो काकाच्या कानाला लागला. सर्जेरावांच्या मिशीत हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं.

बप्पा उठले. "अहवाल आपल्या हातात आहे, तो वाचला असे..."

"थांबा!" सर्जेराव उभे राहिले. "अहवाल वाचलाच पायजे. सभासदाचा हक्क हाय."

"कावून बे?" बप्पा म्हणाले. "तुझ्या बापानं कधी वाचलाय का अहवाल?"

"बापानं न्हाई वाचला, म्हणून तर तुमी चेअरमन झालाव."

गलका झाला. बप्पांना त्यात काही धोका दिसला नाही. ते म्हणाले, "वाचा हो आप्पा. ह्याचं बी समाधान होऊ द्या."

आप्पा उठले. मी त्यांचा चेहरा पाहिला. चुन्यासारखा पांढरा झाला होता. इतक्या वर्षांत त्यांचं वाक्य त्यांनी स्वतः कधी मोठ्यानं ऐकलं नव्हतं. सुरुवातीला त्यांनी आकड्यांच्या आवाजात घाईघाईने वाचलं. लोक जांभया देऊ लागले. सर्जेरावांचा पुतण्या ओरडला, "पान चार! पान चार सावकाश वाचा!"

पान चारवर असं होतं:

'अहवाल सालात कार्यक्षेत्रातील सर्व जनावरांच्या बरगड्या लांबून मोजता येत असताना एक म्हैस मात्र तुकतुकीत राहिली. तिच्या मालकाचे नाव घेणे सभ्यतेला धरून होणार नाही. ती माडीच्या सावलीत बांधली जाते, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.'

मग बायकांच्या बाजूने पहिलं हसू फुटलं आणि सगळा पार हसू लागला. सर्जेराव ओरडले, "छावणीचा चारा कुठं गेला ते कळलं का लोकहो? ह्याच्यावर चेअरमनची सही हाय!"

बप्पांनी प्रत मागवून घेतली. आपली सही पाहिली. आप्पांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आप्पांची नोकरी गेली. पण राजकारणात तीस उन्हाळे काढलेला माणूस तो. बप्पा सावकाश उठले आणि हात वर करून म्हणाले, "हाय! माझीच म्हैस हाय ती! माझ्या सेक्रेटरीनं खरं लिवलं आन् मी त्याच्यावर सही केली. आपल्याच म्हशीच्या विरोधात सही करणारा दुसरा चेअरमन तालुक्यात दाखवा मला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी वाजवतोय हे त्यांनाही कळलं नसावं. सर्जेराव उभेच राहिले. बसावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "म्होरं वाच की रं भानुदासा."

आप्पांनी पुढे वाचलं. आता त्यांचा आवाज बदलला होता.

'मृगाने पाठ फिरवली. आर्द्रा नक्षत्र येऊन गेल्याची नोंद कोणत्याही सभासदाकडे नाही. पुनर्वसूत दोन वेळा आभाळ आले. त्याने गाव पाहिले आणि चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे न बसता निघून गेले. जनावरे छावणीला गेली त्या दिवशी स्त्रिया वेशीपर्यंत पोचवायला गेल्या. परत येताना कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळेला साऱ्या गावाला सवयीने जाग आली. संचालक मंडळ ह्या जागेपणाची नोंद घेत आहे.'

त्या म्हातारीने पदर तोंडाला लावला. चिवड्याची पातेली उघडी पडली होती, पण कुणी उठलं नाही. मी हे सगळं एकेक खिळा उचलून जुळवलं होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो.

सभा संपल्यावर बप्पांनी आप्पांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. वाटलं, आता झाडतील. बप्पा म्हणाले, "आप्पा, लिवलं ते लिवलं. पर तुकतुकीत कशाला म्हणलाव? गावाची नजर लागंल तिला. घरात बायको काळा दोरा हुडकायली."

असे आप्पा प्रसिद्ध झाले. आणि तिथून त्यांचे हाल सुरू झाले.

पुढच्या वर्षी माणसं घरी येऊ लागली. "आप्पा, आमच्या गाईचं बी दोन वळी लिवा." एकाला जावयाचं नाव पाहिजे होतं. बप्पांना नारायणगडावर त्यांनी घातलेल्या पंगतीचं सविस्तर वर्णन पाहिजे होतं. सर्जेराव स्वतः आले आणि म्हणाले, "माझ्याबद्दल काई लिवू नका," आणि दोन तास बसून काय काय लिहू नये ते सांगून गेले. बी.ए. पुतण्याने आप्पांना 'ग्रामीण वास्तवाचे भाष्यकार' म्हणायला सुरुवात केली. कौसावैनी, म्हणजे आप्पांच्या मंडळी, चहा करून करून बेजार झाल्या. मला म्हणाल्या, "पैलं ह्यांचं लिवणं आमच्या घरात मांजरावानी होतं वो. कवा आलं, कवा गेलं, कळायचं न्हाई. आता बैलजोडी बांधल्यावानी झालंय."

त्या साली आप्पा छापखान्यात आले तेव्हा पिशवी सपाट होती. दोन पानं. सभासद इतके, संकलन इतके, सर्वांचे आभार. पाऊसमान: 'समाधानकारक.'

"आप्पा, हे काय?"

ते रिमावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. अचानक म्हातारे दिसले.

"वाक्य धराया बसलो की समदं गाव म्होरं येऊन बसतंय, मालक. ह्याला काय वाटंल, त्याला काय वाटंल. बप्पा हसतील का, म्हातारी रडंल का. मागच्या साली ती रडली ना, ते मला ग्वाड लागलं. आता हात आपोआप रडायच्या शब्दाकडं जातोय. लबाड झालाय हात."

"पण लोकांना आवडलं, आप्पा. वाईट आहे का ते?"

"वाईट न्हाई. लई चांगलं हाय." त्यांनी मांडीवरची टोपी उलटी केली. "पर पैलं मी लिवाया बसलो की मला कळायचं, मला काय दिसलं व्हतं ते. लिवल्याबिगर मला नीट दिसतच न्हाई हो. चारचौघांत गेलो, छावणीवर गेलो, समदं बघितलं. पर दिसलं कवा? तर लिवताना. आता लोकांला काय दिसावं त्येच दिसायलंय. माझं बघायचं राहूनच गेलं ह्या साली. पाऊस झाला म्हणत्यात. झाला का?"

मी दोन पानं छापून दिली. सभेत लोकांनी ती उत्सुकतेने उघडली आणि फार नाराज झाले. पुतण्या म्हणाला, "लेखक संपला."

त्याच्या पुढच्या वर्षी आप्पा पोळ्याच्या आधीच आले. डोळ्यांत चमक. पिशवी तट्ट फुगलेली. मी आनंदाने मजमून हातात घेतला आणि पहिलं पान पाहून मला घेरी आली. 'पोटनियम दुरुस्ती'. पोटनियम क्रमांक अमुक मधील तमुक या शब्दाऐवजी अमुकतमुक हे शब्द घालण्यात यावेत. दुसरं पान, तिसरं पान, तेच. मग लेखापरीक्षकांचे शेरे. मग त्या शेऱ्यांची दोषदुरुस्ती. मी पानं उलटत गेलो. पार आत, तक्त्यांच्या मधोमध, झुडपात तित्तिराने अंडी घालावीत तसं, पाऊसमान होतं. अडीच पानं. आप्पा अगदी पहिल्यासारखे.

"आप्पा, इथवर कोण पोचणार?"

"कुणी न्हाई!" आप्पा म्हणाले, आणि गुडघ्यावर थाप मारून एवढे हसले, की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला.

तसंच झालं. सभेत लोकांनी पोटनियमांची दोन पानं वाचली, माना वळवल्या, आणि बप्पा उठायच्या आतच कुणीतरी "मंजूर!" म्हणून ओरडलं. लोकांना वाचायची सवय लागायला एक दुष्काळ लागला. मोडायला दोन पानं पुरली. पुतण्याला पुढे शाळेत नोकरी लागली आणि त्याने वाचणंच सोडलं. आप्पा मात्र दरवर्षी लिहीत राहिले, झुडपं दाट करत राहिले. मी गुपचूप ती पानं बघून घ्यायचो. जुळवतोय असं दाखवायचो.

मग खाजगी डेअऱ्यांच्या गाड्या गावात फिरू लागल्या. दूध तिकडे गेलं. बोरगव्हाणची संस्था बंद पडली, तिच्या दाराला सरकारी कुलूप लागलं. माझाही छापखाना गेला. खिळे मोडीत विकले आणि पोराने त्या जागी संगणक ठेवला. बप्पा वारले. आप्पांचं जाणं-येणं बंद झालं.

मला पुष्कळ दिवस एक मनात होतं. एका उन्हाळ्यात मोटारसायकल काढून बोरगव्हाणला गेलो. आप्पा ओट्यावर बाजेवर बसून लिहीत होते. खूप थकले होते. मांडीवर पाट, पाटावर कागद, लिहून झालेली पानं उशाशी दगडाखाली.

"आप्पा, संस्था तर गेली. आता कशाचा अहवाल?"

"संस्था गेली, पाऊस गेला का? येतो, न्हाई येत, काय ना काय करतोच की दरसाल."

मी मनातलं बोललो. म्हणालो, "तुमच्या सगळ्या अहवालांतली चांगली चांगली पानं निवडू. पोरगा छापून देतो. छान पुस्तक होईल."

आप्पांनी पेन वर धरला. माझ्याकडे कळवळून पाहिलं, जणू मीच आजारी होतो. "पुस्तक नको, मालक. लई बारकं काम आलंय हाती सध्या. वावटळीचं. तीन दिस झाले, उठतच न्हाई ती कागदावर. तुमी च्या घ्या, मी एवढं बघतो," म्हणाले, आणि खाली मान घातली.

मी आणि कौसावैनी चहा घेत बसलो. आम्ही पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं बोललो. आप्पा आमच्यापासून दोन हातांवर होते आणि तिथे नव्हते.

"हाक मारली तर राग येतो का त्यांना?" मी विचारलं.

"राग कशाचा? ऐकू जाईल तवा ना," वैनी म्हणाल्या. "तेवढा येळ घरात माणूस नसतो. मी बी जरा मोकळी बसते."

तेवढ्यात एक शेळी ओट्यावर चढली. कुणी काही करायच्या आत तिने दगड पाडला आणि वरचं पान तोंडात धरून उडी मारली. वैनी झाडू घेऊन धावल्या. मी चहा सांडून धावलो. शेळी दोन घरं ओलांडून गेली आणि आमच्याकडे बघत, निवांत, मान हलवत चघळत उभी राहिली. आम्ही पोचेपर्यंत पानाचा एक कोपरा उरला होता. तो घेऊन मी धापा टाकत परत आलो.

"आप्पा, गेलं हो! सगळं पान गेलं!"

"कंचं? वरलं?" आप्पांनी कोपरा हातात घेऊन पाहिला. चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. "वावटळीचं व्हतं," म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळत गेला. "बरं झालं. ती चुकीच्या कडंनं उठिवली व्हती मी. खरी तर उगवतीकडनं उठली व्हती ती."

त्यांनी नवा कागद पाटावर ठेवला आणि तळव्याने दोनदा सारखा केला. मी निघतो म्हणालो. कौसावैनी दारापर्यंत आल्या. मी मोटारसायकलला किक मारली, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी ती केवढ्याने तरी फटफटली. शेजारपाजारची कुत्री उठली, पोरं धावत आली. आप्पांनी वर पाहिलं नाही. त्यांचा डावा हात हवेत गोल गोल फिरत हळूहळू वर चालला होता, आणि उजवा लिहीत होता.